जुना वस्तरा घेताय?

वस्तऱ्याने दाढी करण्याची हौस पुन्हा आली आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात किंवा ऑनलाइन, शेफिल्ड नाहीतर झोलिंगनचा छाप असलेला वस्तरा मिळाला की मंडळी खूश होतात. मग मला विचारतात, ‘डॉक्टर, थोडा गंज आहे, धनुर्वात होईल का?’

गंजाने धनुर्वात होत नाही. त्याचे जंतू माती-धुळीत असतात आणि गंजून खड्डे पडलेल्या पात्यावर ती धूळ अडकून बसते, एवढाच गंजाचा दोष. मात्र भीती अनाठायी नाही. अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरोचा थोरला भाऊ जॉन याने १८४२ च्या जानेवारीत वस्तरा चामडी पट्ट्यावर घासताना बोट कापून घेतले. जखम किरकोळ होती, पण काही दिवसांतच तो धनुर्वाताने गेला. त्या काळी लस नव्हती, आज आहे. दहा वर्षांत धनुर्वाताची सुई घेतली नसेल तर वस्तऱ्याआधी ती घ्या. आणखी एक पाहा: जॉनचे कापले ते बोट होते. नवशिके गालाला जपतात. वस्तरा पुसताना आणि धार लावताना मात्र हात बेसावध असतो.

दुसरी भीती हेपटायटिस ‘बी’ची. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. आजोबांच्या पेटीत पन्नास वर्षे पडून राहिलेल्या वस्तऱ्यावर तो जिवंत नसणार. पण विक्रेता धार दाखवायला स्वतःच्या हातावरचे केस भादरून दाखवतो, त्याक्षणी तो वस्तरा ताजा वापरलेला होतो! आज चाळिशीत असलेल्या बहुतेकांना लहानपणी ही लस मिळालेली नाही. तीन डोस असतात: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. हेपटायटिस ‘सी’ला तर लसच नाही. म्हणून बाप-लेकांनीही एक वस्तरा वापरू नये.

घेताना धारेवर खड्डे, भेग किंवा कपची असेल तर परत द्या. तिथली घाण निघत नाही आणि त्वचा खरवडते. मूठ हस्तिदंती आहे असे सांगितले तर हात जोडा. हस्तिदंताच्या व्यापारावर आपल्याकडे बंदी आहे. घरी आणल्यावर हातमोजे घालून, साबण आणि जुन्या टूथब्रशने पाते व मुठीचा सांधा घासा, कोरडे करा, मग ७० टक्के अल्कोहोलने पाते पुसून वाळू द्या. मुठीला अल्कोहोल लावू नका आणि ज्योतीजवळ तर जाऊच नका. जुन्या मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असतात, ते भडकन पेटते. पाते गॅसवर तापवले तर पोलादाचे पाणी उतरते. उकळणे हाही उपाय नव्हे: मूठ बिघडते आणि धनुर्वाताचे बीजाणू उकळत्या पाण्यातही बराच वेळ टिकतात. शेवटी धार जाणकाराकडूनच लावून घ्या.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हात थरथरत असेल, मधुमेह आटोक्यात नसेल किंवा जखमेचा व्रण वाढत जात असेल, त्यांनी ही हौस सोडावी. कोड आणि सोरायसिस असलेल्यांनीही, कारण कापलेल्या जागी नवा चट्टा उठू शकतो. चेहऱ्यावर बारीक चामखिळी असतील तर पाते त्यांची रांगच पेरत जाते, आधी उपचार. उलट, केस आत वळून पुळ्या येणाऱ्यांना एकपाती वस्तरा कधी कधी मानवतो, कारण तीन-चार पात्यांचे रेझर केस त्वचेच्याही खाली कापतात. नुसती वस्तऱ्याची मजाच हवी असेल, तर सलूनमध्ये असतो तसा पाते बदलायचा वस्तरा मला जास्त पसंत आहे.

दाढी अंघोळीनंतर करा, हात कोरडे ठेवा, त्वचा ताणून धरा आणि पाते साधारण ३० अंशांत टेकवा. सुरुवातीला फक्त गाल, तेही केसांच्या दिशेने. हनुवटी आणि वरचा ओठ नंतर. उलटा हात इतक्यात मारू नका.

कापलेच तर स्वच्छ कपड्याने दहा मिनिटे सलग दाबा, मध्ये उचलून पाहू नका. तुरटी चालेल, पण स्वतःची. सगळ्या गिऱ्हाइकांवर फिरणारा खडा नको. दहा मिनिटांनीही रक्त थांबले नाही, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली पसरली, सूज वा ताप आला, तर दवाखान्यात या. जबडा आखडू लागला तर थेट मोठ्या रुग्णालयात जा.