पहिली बाईक कोणती घ्यावी?

पहिल्या सेमिस्टरची परीक्षा संपली, की होस्टेलच्या मेसमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "यार, बाईक कुठली घेऊ?" एका प्रश्नाला दहा सल्ले मिळतात आणि सगळे सीसी, पिकअप आणि टॉप स्पीडवर येऊन थांबतात. मी पडलो मेकॅनिकलचा, म्हणून ज्युनियर पोरं माझ्याकडे इंजिनाबद्दल विचारायला येतात. मी आधी त्यांची उंची विचारतो. ती बिचारी हिरमुसतात.

पण मित्रांनो, आमच्या होस्टेलमध्ये नवशिक्यांच्या ज्या गाड्या आडव्या झालेल्या मी पाहिल्या, त्यातल्या बऱ्याचशा उभ्या-उभ्याच पडल्या. कुणी सिग्नलला थांबताना, कुणी पार्किंगमध्ये वळवताना, तर कुणी फ्लायओव्हरच्या चढावर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर. चालती गाडी स्वतःचा तोल बराचसा स्वतः सांभाळते, थांबलेली गाडी मात्र तुमच्या पायाच्या भरवशावर असते. स्प्लेंडरचं वजन सुमारे ११२ किलो, पल्सर १५० चं सुमारे १४८, आणि बुलेटच्या घराण्यातली क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची. पहिल्या आणि शेवटच्या गाडीत ८० किलोंहून जास्त फरक, म्हणजे एक खात्यापित्या घरचा रूममेट कायमचा गाडीवर बसलेला!

म्हणून शोरूममध्ये गेल्यावर ब्रोशर बाजूला ठेवा आणि गाडीवर बसा. दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर पक्के टेकले पाहिजेत. टाचा थोड्या उचलल्या गेल्या तर हरकत नाही. मग खाली उतरा, इंजिन बंद ठेवा, हँडल पूर्ण वळवा आणि गाडी हातांनी मागे ढकलून दोन गाड्यांच्या मधे लावून बघा. सेल्समन घाई करेल, करू द्या. इथेच दम लागला, तर पावसात वाशी स्टेशनच्या पार्किंगमध्ये काय होईल याचा विचार तिथल्या तिथे करून टाका.

आता ब्रेक. इथे फर्स्ट इयरचं फिजिक्स कामाला येतं. थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. समोर काहीतरी आलं हे डोक्यात शिरून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, तेवढ्यात जवळजवळ १७ मीटर गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला तर आणखी २० मीटर, एकूण ३७. ओल्या रस्त्यावर ०.४ धरला तर हाच आकडा ५२ वर जातो! तेच ताशी ४० ला कोरड्यात २० आणि ओल्यात २७ मीटर. ही गणितंसुद्धा दोन्ही ब्रेक नीट वापरणाऱ्याची आहेत. ब्रेक लावला की भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. नवशिका नेमका त्यालाच घाबरतो आणि एकटा मागचा दाबतो. मग अंतर जवळजवळ दुप्पट. पाम बीच रोडवर रात्री थ्रॉटल पिळणाऱ्यांनी हा हिशोब एकदा वहीत करून बघावा.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएसची आणि त्याखालच्यांना निदान सीबीएसची सक्ती झाली. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला तरी दुसऱ्या चाकालाही थोडा ब्रेक लागतो. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. आपल्याकडे चार महिने रस्ता ओला, त्यावर सायन-पनवेल हायवेचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं आणि ट्रकचं सांडलेलं ऑइल. या सगळ्यासाठी एबीएसला दोन पैसे जास्त गेले तरी मी देईन. हो, एबीएस बहुतेक वेळा फक्त पुढच्या चाकाला असतं, ते विचारून घ्या.

सीनियर मंडळी आरएक्स १०० चे पोवाडे गातात. १९८५ ला आलेली आणि १९९६ ला बंद झालेली ती गाडी होतीच झकास. पण दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, आणि टू-स्ट्रोक असल्याने इंजिन ब्रेकिंगही जेमतेम. शिकायला ती नको. पॉवरचंही तसंच. स्प्लेंडरचे ८ पीएस आपली चूक पोटात घालतात, ड्यूक २०० चे २५ पीएस घालत नाहीत. माझं मत विचाराल तर पहिली गाडी १०० ते १२५ सीसी, उंची आणि ताकद असेल तर फार तर १५०-१६०. रोज फक्त क्लास ते स्टेशन करायचं असेल तर स्कूटर घ्या, कुणी हसलं तर हसू दे.

मे-जूनमध्ये फायनल इयरवाले गाड्या विकतात, तिथे पैसे वाचतात. बाबांनी एफडी मोडून दिलेले पैसे असतील तर ते वाचवावेतच. फक्त इंजिन गार असताना जा. सीनियरने आधीच गरम करून ठेवलं असेल तर हात लावल्यावर कळतं. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. रबर इतकं जुनं असेल तर नव्या टायरचे पैसे किमतीतून कापा. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्या, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मागा. नाहीतर चलान त्याच्या नावावर फाटत राहतात आणि अपघात झाला तर क्लेमला अडचण येते. नवी घेत असाल तर ऑन-रोड किंमत विचारा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागू लागला आणि बजेट कोलमडतं ते तिथेच. आयएसआय हेल्मेटचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात गाडी बसवा.

लर्निंग लायसन्स मिळाल्यावर पक्क्यासाठी निदान ३० दिवस थांबावं लागतं. तेवढ्या काळात शिकवणारा सोडून मागे कुणाला बसवता येत नाही, ट्रिपल सीट तर कधीच नाही. हा महिना सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवर घालवा. उरण रोडला जाऊ नका. जेएनपीटीच्या कंटेनर ट्रेलरच्या डाव्या बाजूला तुम्ही ड्रायव्हरला दिसतच नाही. एक्स्प्रेसवे आणि २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू दोन्ही बाईकला बंद आहेत. पुण्याकडे निघालात तर पळस्पे फाट्यावरून जुन्या हायवेने, खोपोलीमार्गे शिंग्रोबाचा घाट चढून. पण ते हात बसल्यावर, आणि दिवसा.