गवत कापण्याचे यंत्र सुरू होत नसेल तर

नांदेड व लातूर जिल्ह्यांतून येऊन अमेरिकेत स्थायिक झालेल्या कुटुंबांनी नवागतांसाठी जे अनुभव लिहून धाडले, त्यांतील हे प्रकरण घरापुढील हिरवळीचे आणि ती कापणाऱ्या पेट्रोलवरील लॉन मोअरचे आहे. आपल्याकडे गवत विळ्याने कापायचे ते जनावरांच्या वैरणीसाठी. येथे ते कापून टाकून द्यावयाचे असते आणि न कापल्यास नगरपालिका जाब विचारते, ही गोष्ट घराच्या दस्तऐवजावर सह्या होईपर्यंत कोणी सांगत नाही. लेखकांच्या मतांत आम्ही काटछाट केलेली नाही.

यंत्रअभियांत्रिकीचे पदवीधर, मूळचे नांदेडचे

गोदावरीच्या किंवा मांजरेच्या काठी ज्यांचे बालपण गेले त्यांना पाणी उपसणारे डिझेल इंजिन परिचयाचे असते, आणि तेथेच घोटाळा होतो. कारण डिझेल इंजिनात दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते, तर पेट्रोलच्या या लहान यंत्राला स्वच्छ हवा, ताजे इंधन, वेळेवर पडणारी ठिणगी आणि पुरेसा दाब ही चारही अंगे एकाच क्षणी अनुकूल असावी लागतात. शिवाय एका हंगामापासून दुसऱ्यापर्यंत पडून राहिलेले डिझेल बहुधा कुरकुर न करता चालते. पेट्रोल तसे चालत नाही.

प्रथम मुठीजवळची आडवी दांडी दाबून धरली आहे ना, हे पाहावे. ती सुटताच ठिणगी बंद होते व पाते थांबते. तीन सेकंदांच्या आत पाते थांबलेच पाहिजे असा येथील नियम १९८२पासून आहे. पात्याजवळ हात नेण्यापूर्वी प्लगवरची तार काढून दूर ठेवावी. यास अपवाद नाही.

यानंतर इंधन. वसंतात सुरू न होणाऱ्या यंत्रांपैकी बहुतेकांचे दुखणे हेच असते. येथील बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतील ओलावा शोषून घेते. महिना उलटला की पेट्रोल बिघडू लागते, आणि हिवाळाभर टाकीत राहिले तर त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात बसून इंधनाची वाटच बंद होते. जुने पेट्रोल काढून ताजे भरावे. १५ टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपावर स्वस्त दिसले तरी या यंत्रात घालू नये. ताजे भरूनही यंत्र दाद देत नसेल तर प्लग काढून त्या छिद्रात पेट्रोलचे दोन-चार थेंब टाकावेत, प्लग परत घट्ट बसवावा, सांडलेले पुसून घ्यावे आणि दोरी ओढावी. इंजिन क्षणभर धडधडून बंद पडले, तर ठिणगी व दाब ठीक असून दोष कार्ब्युरेटरकडे आहे असे समजावे. त्याची खालची वाटी उघडून, जेट काढून, कार्ब्युरेटर धुण्याच्या द्रवाने व तांब्याच्या बारीक तारेने तो मोकळा करावा. एवढे केले की बहुतेक यंत्रे सुरू होतात.

प्लग काजळलेला असेल तर बदलावा. अनेक यंत्रांत त्याच्या दोन टोकांमधील अंतर सुमारे ०.७६ मिलिमीटर असते, तरी आपल्या यंत्राची पुस्तिका प्रमाण मानावी. प्लग पेट्रोलने ओला निघाला तर चोक जास्त वेळ लावला गेला आहे. तो कोरडा करून पाव तास थांबावे. कागदी एअर फिल्टर धुऊ नये, बदलावा. यंत्र आडवे करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवावी, एरवी तेल तेथे शिरते. पाते दगडावर आपटल्यानंतर यंत्र हट्टाला पेटले असेल तर गतिचक्राखालची मऊ धातूची चावी कापली जाऊन ठिणगीची वेळ चुकली असण्याचा संभव आहे. ती स्वस्त असते, पण बदलायला जाणकार हात लागतो.

एक गृहस्थ, मूळचे अहमदपूरचे

वरील विद्वत्ता मजजवळ नसल्यामुळे मी यंत्र दुरुस्तीला टाकले, आणि एप्रिल-मे महिन्यांत या दुकानांपुढे केवढी रांग असते हे न कळल्यामुळे गवत गुडघ्याला लागले. मग नगरपालिकेचे फर्मान आले. आमच्या आजोबांनी निजामी अमदानीतील तहसील कचेरीचे जे किस्से सांगितले होते त्यांची येथे पदोपदी आठवण झाली; एका खिडकीवरचा कारकून दुसरीकडे धाडी, दुसरा म्हणे की हे दप्तर आमचे नव्हे, आणि तोवर मुदत टळून पालिकेच्या ठेकेदाराने येऊन गवत कापले व त्याचे बिल दंडासहित माझ्या नावे निघाले. ते न भरल्यास, सातबाऱ्यावर बोजा चढावा तसा घरावर बोजा चढतो, असे मला अत्यंत सौजन्याने सांगण्यात आले. सौजन्याचा मला वीट आला आहे.

नवागतांनी एवढे करावे: गवताची मर्यादा, जी पुष्कळ गावी ८ ते १२ इंच असते, घर घेतानाच विचारावी, नोटिशीला मुदतीत लेखी जबाब द्यावा व दुरुस्तीच्या दुकानाची पावती जोडावी, आणि शेजाऱ्याचे यंत्र मागून आणण्यात कमीपणा मानू नये. मी मानला, तो महाग पडला.

एक गृहिणी, मूळच्या उदगीरच्या

खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, नांगर पुजून वाढलेली माणसे येथे येऊन गॅरेजातील यंत्राला मात्र लाथ मारतात, हे मला पाहवत नाही. आमच्या घरी त्या दिवशी मुले यंत्र पुसतात, हळदकुंकू लावतात, फुले वाहतात. त्यानंतर गवताच्या एक-दोन कापण्या झाल्या की टाकी रिकामी होईपर्यंत यंत्र अंगणात, गॅरेजात कधीच नव्हे, चालू ठेवतो, कारण त्याचा धूर बंद जागेत प्राणघातक असतो. वेळअमावास्येला बाहेर बर्फ असतो, पण आंबील व भज्जी होतेच. पैसे टाकून दुसऱ्याकडून गवत कापून घेणाऱ्यांच्या मुलांना श्रमाची लाज वाटू लागली तर दोष कोणाचा, याचा विचार आईबापांनी करावा.

ऑस्ट्रेलियातील वाचकांनी हा क्रम उलटा धरावा; तेथे दसरा वसंतात येतो, तेव्हा यंत्र ठेवण्याची नव्हे, काढण्याची वेळ असते.

बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांविषयी कोणीही लिहून धाडले नाही. ज्यांच्याकडे ती आहेत त्यांनी, विशेषतः थंडीत बॅटरी कोठे व कशी ठेवावी याविषयी, पुढील आवृत्तीसाठी अवश्य लिहावे.