चहा, काढा आणि विषाणू : नित्यपेयांच्या विषाणुरोधक गुणांचा चिकित्सकीय विचार



२०२० च्या महासाथीत महाराष्ट्रातील घराघरांत काढ्याचे पातेले चुलीवर चढले. साथ ओसरल्यावर ते पातेले उतरले, परंतु त्या काळात रुढ झालेला एक प्रश्न मात्र आपल्या चिकित्सालयात आणि औषधी दुकानांत आजही विचारला जातो : "डॉक्टर, ह्याने व्हायरस मरतो ना?" 'ह्याने' म्हणजे कधी ग्रीन टी, कधी आल्याचा चहा, कधी गवती चहा व तुळशीचा काढा, तर कधी हळदीचे दूध. या प्रश्नाला 'हो' म्हणणे सोपे आहे आणि 'नाही' म्हणणेही सोपे आहे. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. नेमके उत्तर काय द्यावे, याचा विचार या लेखात केला आहे.

प्रयोगशाळेतील चहा

चहाच्या पानांत (कॅमेलिया सायनेन्सिस) कॅटेचिन वर्गातील द्रव्ये विपुल असतात. त्यांपैकी एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट हे सर्वांत अधिक अभ्यासले गेलेले द्रव्य होय. १९९३ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, चहातील पॉलिफेनॉल इन्फ्लुएन्झाच्या विषाणूस चिकटतात आणि त्याला पेशीवर बसू देत नाहीत. म्हणजे 'विषाणुरोधक' हा शब्द निराधार नाही.

मात्र येथे मात्रेचा प्रश्न उभा राहतो. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २००५ मध्ये पेशीसंवर्धनात केलेल्या अभ्यासात इन्फ्लुएन्झा 'ए' विषाणूची वाढ निम्म्यावर आणण्यास या द्रव्याचे प्रमाण लिटरमागे सुमारे २२ ते २८ मायक्रोमोल लागले. एक-दोन कप ग्रीन टी घेतल्यानंतर रक्तात त्याचे प्रमाण बहुधा एक मायक्रोमोलच्या आतच राहते. शोषण अल्प आणि यकृतातील रूपांतर शीघ्र, ही त्याची कारणे. काचपात्रातील गुण आणि शरीरातील कर्म यांत इतके अंतर आहे. आपल्या घरच्या चहात तर पाने आधीच ऑक्सिडीकरण होऊन काळी झालेली असतात, त्यामुळे कॅटेचिनांचा बराच भाग थिआफ्लेविन व तत्सम द्रव्यांत परिवर्तित झालेला असतो. त्यात दूध घातले की त्यातील केसीन प्रथिने उरलेल्या द्रव्यांशी बद्ध होतात.

कंठाशी संबंध

रक्तात प्रमाण पोहोचत नसले तरी घशाशी चहाचा प्रत्यक्ष संपर्क येतो, असा युक्तिवाद करता येईल. जपानमध्ये याचीही परीक्षा झाली. २०११-१२ च्या हिवाळ्यात शिझुओका प्रांतातील सातशेहून अधिक माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी एका गटाने ग्रीन टीच्या आणि दुसऱ्या गटाने साध्या पाण्याच्या गुळण्या केल्या. इन्फ्लुएन्झाचे प्रमाण अनुक्रमे ४.९ आणि ६.९ टक्के आढळले; हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या सार्थ ठरला नाही. याउलट २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३८७ निरोगी स्वयंसेवकांवरील अभ्यासात केवळ साध्या पाण्याच्या गुळण्यांनी सर्दी-पडशासारखे ऊर्ध्व श्वसनमार्गाचे विकार सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. आपल्याकडे गंडूष व कवल यांना दिनचर्येत स्थान आहे. तेव्हा रुग्णास गुळण्या सांगण्यात संकोच नसावा. त्यासाठी महागडी पुडी विकण्याचे कारण नाही.

आले आणि सुंठ

द्रव्यभेदाचे महत्त्व दाखवणारे एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. तैवानमधील संशोधकांनी २०१३ साली श्वसनमार्गास बाधा करणाऱ्या सिन्सिशियल विषाणूवर आल्याची परीक्षा केली. पेशीसंवर्धनात ताज्या आल्याने विषाणूस रोध झाला. वाळलेल्या आल्याने तसे घडले नाही. आपल्या ग्रंथकारांनी आर्द्रक आणि शुंठी यांचे गुण पृथक् सांगितले आहेत, ते उगाच नव्हे. तरीही हा निष्कर्ष पेशींवरील आहे, रुग्णावरील नाही, हे विसरता कामा नये.

ज्येष्ठमध : एक स्वानुभव

जर्मनीतील फ्रँकफर्ट येथील संशोधकांनी २००३ मध्ये ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन हे सार्सच्या विषाणूस प्रयोगशाळेत रोखते, असे प्रसिद्ध केले. २०२० मध्ये या शोधाची आठवण अनेकांना झाली, तशी मलाही झाली. माझ्याकडे नियमित येणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या एका गृहस्थांना मी तुळस, सुंठ व ज्येष्ठमध यांचा काढा सांगितला. 'किती दिवस' हे सांगितले नाही आणि 'दुसरे कोणते औषध चालू आहे' हे विचारले नाही. त्यांनी तो दिवसातून तीन-चार वेळा, असा सुमारे दोन महिने घेतला. पुढे ते आले ते पायांत बळ नाही अशी तक्रार घेऊन. रक्तदाब वाढलेला, रक्तातील पोटॅशियम उतरलेले. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी त्यांना आधीपासून चालू होती. ती पोटॅशियम बाहेर टाकते आणि ज्येष्ठमधाचा अतियोगही तेच करतो. रुग्णालयात उपचार झाले, काढा बंद झाला आणि ते बरे झाले. दोष द्रव्याचा नव्हता. मधुर, कंठ्य म्हणून सौम्य वाटणाऱ्या द्रव्याची मात्रा व काल न सांगणाऱ्या वैद्याचा होता. हा प्रसंग येथे लिहिण्याचे कारण इतकेच की, इतरांकडून तो घडू नये.

शास्त्रदृष्टी

बृहत्त्रयीत चहा नाही. परंतु त्याचे स्थान कल्पनांवरून ठरवता येते. गरम पाणी ओतून झाकून ठेवलेला ग्रीन टी हा फांट होय. आपला उकळलेला, दूध-साखर घातलेला चहा क्वाथाच्या जवळ जातो, म्हणून त्यात कषाय रस व रूक्षता वाढते. शार्ङ्गधरांनी फांटास द्रव्याच्या चौपट, तर क्वाथास सोळापट पाणी सांगून तो अष्टमांश उरवण्यास सांगितले आहे. एकाच द्रव्याची कल्पना बदलली की कर्म बदलते, हा त्यातील बोध.

ज्वरात षडंगोदक देताना चरकाचार्यांसमोर विषाणू नव्हता. तृष्णा, ज्वर आणि अग्निमांद्य असलेला रुग्ण होता. उष्णोदक दीपन, पाचन, कंठ्य आणि लघु सांगितले आहे. साथीच्या ज्वरात आपल्या पेयांचे खरे कार्य हेच : जलांश टिकवणे, कंठास आराम देणे, कफ पातळ करणे, अग्नी सांभाळणे. हे कार्य लहान नाही. त्याला 'विषाणूनाशक' हे उसने नाव देण्याची गरज नाही.

व्यवहारातील नियम

१. आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये सुचवलेल्या काढ्यात तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ व काळी मिरी १ भाग असून, ३ ग्रॅम चूर्ण १५० मि.लि. उकळलेल्या पाण्यात दिवसातून एक किंवा दोन वेळा सांगितले होते. 'दिवसभर' असे सांगितले नव्हते. पित्तप्रकृती, अम्लपित्त, रक्तार्श व शरद ऋतू असता प्रमाण आणखी कमी करावे किंवा काढा टाळावा.

२. बाजारातील जाड सालीची कॅसिया दालचिनी कूमारिनयुक्त असते व दीर्घकाळ घेतल्यास यकृतास बाधक ठरू शकते. दुकानदारांनी शक्यतो पातळ सालीची सिलोन दालचिनी ठेवावी.

३. पांडुरोगात लोह किंवा मंडूर कल्पांसोबत चहा देऊ नये. चहातील टॅनिन लोहाचे शोषण घटवते. जेवण व औषध यांपासून किमान एक तासाचे अंतर सांगावे.

४. ग्रीन टी पिणे आणि त्याच्या अर्काच्या कॅप्सूल घेणे एक नव्हे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दाखवून दिले की, पूरक आहारातून रोज ८०० मि.ग्रॅ. किंवा अधिक एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट घेतल्यास यकृतातील एन्झाइम वाढू शकतात.

५. पेय कढत पिऊ नये. ६५ अंश सेल्सियसहून उष्ण पेये अन्ननलिकेच्या कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नमूद केले.

६. मध काढा कोमट झाल्यावरच घालावा. वर्षाखालील बालकास बोट्युलिझमच्या धोक्यामुळे मध देऊ नये.

७. तीन दिवसांहून अधिक ज्वर, श्वास लागणे, ऑक्सिजनचे प्रमाण ९४ टक्क्यांखाली जाणे, गुंगी, किंवा बालकाने पिणे सोडणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास काढ्यावर वेळ न दवडता रुग्णास रुग्णालयात पाठवावे.

औषधी दुकानदारांस विनंती

पाकिटावर 'विषाणूंचा नाश करणारा चहा' असे छापणे खपास उपयोगी पडेल. परंतु औषधाविषयी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १९५४ च्या औषधे व जादुई उपाय अधिनियमाच्या कलम ४ नुसार मनाई आहे. आणि कायद्याहून मोठी गोष्ट म्हणजे गिऱ्हाईकाचा विश्वास. त्या वाक्यावर विसंबून एखादा रुग्ण दोन दिवस उशिरा आला, तर त्या दोन दिवसांचे मोल कोणत्याही नफ्यातून भरून येत नाही. द्रव्ये, प्रमाण, मात्रा आणि कोणी घेऊ नये, एवढे ठळक छापले तरी पुरे.

समारोप

म्हणून रुग्णाने पुन्हा तो प्रश्न विचारला तर उत्तर असे द्यावे : "काचेच्या नळीत यातील द्रव्ये विषाणूस रोखतात, शरीरात तेवढी पोहोचतात असे सिद्ध झालेले नाही. घसा आणि पचन सांभाळण्यासाठी अवश्य घ्या, पण दिवसातून दोनदाच; आणि दुसरी कोणती औषधे चालू आहेत ते आधी सांगा." शेवटचे वाक्य मी २०२० मध्ये उच्चारले नव्हते. आता प्रत्येक काढ्याच्या चिठ्ठीवर ते लिहितो.