बक्षीस नाममात्र, गंमत भरपूर

प्रश्न : आमचं झाई गाव गुजरातच्या सीमेला लागून. पलीकडच्या उंबरगावात ‘रामायण’ मालिकेचं चित्रीकरण झालं, हे इथं लहानथोरांना ठाऊक आहे. पण आई सांगते, त्याच्या बरंच आधी मुंबई दूरदर्शनवर शब्द ओळखण्याचा एक इंग्रजी खेळ लागायचा आणि इंग्रजी जेमतेम येणारेही तो आवडीने बघायचे. असे खेळ आले कुठून? आणि नवरात्रात गावात असा एखादा घेता येईल का?
– एक वाचक, झाई

उत्तर : आईंना आठवतो तो ‘व्हॉट्स द गुड वर्ड?’ असणार. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं आणि सत्तरच्या दशकातच हा कार्यक्रम लोकप्रिय झाला. सूत्रसंचालिका होत्या साबिरा मर्चंट. त्या मूळच्या रंगभूमीवरच्या. पुढे मिस इंडिया स्पर्धेतल्या मुलींना उच्चार आणि बोलण्याची रीत शिकवणाऱ्या म्हणूनही त्यांचं नाव झालं.

याच जातीचा ‘पासवर्ड’ हा खेळ अमेरिकेत 1961 साली सुरू झाला होता. जोडीतल्या एकाला शब्द कळतो. त्याने दुसऱ्याला एकाच शब्दाची खूण द्यायची. पहिल्या खुणेवर ओळखलं तर 10 गुण, मग 9, मग 8.

या खेळांचं मूळ मात्र रेडिओत आहे. 1938 साली अमेरिकन रेडिओवर ‘इन्फर्मेशन प्लीज’ सुरू झाला. श्रोत्यांनी प्रश्न पाठवायचे आणि विद्वानांच्या मंडळाला अडवायचं, असा तो प्रकार. टेलिव्हिजन आल्यावर अशीच मंडळी कॅमेऱ्यासमोर बसली. खर्च कमी: एक टेबल, चार बोलकी माणसं, एक हजरजबाबी सूत्रधार.

त्यातला सर्वांत गाजलेला खेळ ‘व्हॉट्स माय लाइन?’. सीबीएस वाहिनीवर तो फेब्रुवारी 1950 ते सप्टेंबर 1967 असा साडेसतरा वर्षं चालला. एक अनोळखी माणूस येई. मंडळाने फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर येईल असे प्रश्न विचारून त्याचा व्यवसाय ओळखायचा. प्रत्येक ‘नाही’ला पाहुण्याला 5 डॉलर आणि दहा ‘नाही’ झाले की डाव त्याचा. म्हणजे जास्तीत जास्त कमाई 50 डॉलर! शेवटी एखादी प्रसिद्ध व्यक्ती येई, तेव्हा मंडळाच्या डोळ्यांवर पट्टी आणि पाहुण्याने आवाज बदललेला. चित्रकार साल्वादोर दाली 1957 मध्ये आला आणि जवळपास प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणत सुटला. सूत्रधार जॉन डेली यांना त्याला आवरताना पुरेवाट झाली.

यात इतकं काय बघायचं? प्रश्नमंजूषेत खुर्चीवरचा माणूस आपल्यापेक्षा हुशार असतो. इथे उलट. उत्तर आपल्याला पडद्यावर आधीच दिसलेलं असतं, आणि नामवंत मंडळी अंधारात चाचपडत असतात. त्यांची फजिती बघण्यात सगळी गंमत. बक्षीस लहान असल्याने लबाडीचा मोहही कमी. मोठ्या रकमेच्या अमेरिकन प्रश्नमंजूषांत स्पर्धकांना उत्तरं आधीच पुरवली जात असल्याचं 1958-59 मध्ये उघड झालं आणि त्या धडाधड बंद पडल्या. मंडळींचे खेळ मात्र चालूच राहिले.

आपल्याकडे पुढे प्रश्नमंजूषेने बाजी मारली. 1985 साली ‘क्विझ टाइम’ सादर करणारे सिद्धार्थ बसूच 2000 मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’चे निर्माते झाले. मराठीत 2013 साली सचिन खेडेकर यांनी आणि 2019 साली नागराज मंजुळे यांनी तो खेळ चालवला. पण गृहिणींसाठीचा ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम आठवा. 2004 पासून आदेश बांदेकर घरोघरी गेले. पैठणी एकीलाच मिळायची, तरी लोक बघायचे ते वहिनींच्या गप्पा. खेळ हे बोलतं करण्याचं निमित्त, ही जुनी युक्ती तिथेही कामी आली.

आता तुमचं नवरात्र. शब्दांच्या खेळापेक्षा ‘व्यवसाय ओळखा’ घ्या. मंडळावर चौघे, शक्यतो बाहेरगावचे. झाईत कोण काय करतं हे झाईकरांपासून लपणार नाही. पाहुणेही लांबून बोलवा: चिंचणीचा, दागिन्यांचे साचे घडवणारा डायमेकर किंवा डहाणूकडचा, मासेमारीची बोट हाकणारा एखादा तांडेल. व्यवसाय फळ्यावर लिहून तो प्रेक्षकांना दाखवा, मंडळाची पाठ फळ्याकडे ठेवा. दहा ‘नाही’ झाले की पाहुणा जिंकला. बक्षिसाला एक नारळ पुरे. सूत्रधार तेवढा नीट निवडा. प्रेक्षकांतून कुणी उत्तर ओरडलं, तर हसत हसत दुसरा पाहुणा पुढे करणारा हवा.