हलक्या काठीचा नाद

चि. बाळ यास,


तुझी तेरा फुटांची कार्बनची काठी आली, हे ताईच्या फोनवरून कळलं. वजन जेमतेम दीड-दोनशे ग्रॅम. "एवढी हलकी काठी टिकंल का रे?" असं ती विचारत होती. पैसे तिचे गेलेत, तेव्हा विचारणारच. टिकेल की. पण आजोबांच्या कळकाच्या काठीसारखी वापरलीस तर एक हंगामही निघणार नाही.

आधी जिवाचं, मग काठीचं. कार्बनमधून वीज वाहते. पंचगंगेच्या दोन्ही काठांवर उसाच्या पाण्याच्या मोटारी आहेत आणि त्यांच्या तारा पार पात्रापर्यंत आल्यात. कुठं ११ हजार व्होल्टची लाइन, कुठं झोळ पडलेली. काठी उभी धरलीस की टोक सोळा-सतरा फुटांवर जातं. तार दिसली की शंभरेक फूट लांब बस, आणि तारेखालून जायचंच असेल तर तुकडे सुटे करून आडवे धरून जा. वळवाचं गडगडायला लागलं की काठी खाली ठेवून सरळ काठावरून ऊठ. या बाबतीत मी काहीही ऐकून घेणार नाही.

आता काठीचं. ती म्हणजे आतून पोकळ नळी; भिंतीची जाडी मिलिमीटरच्या आसपास. कार्बनचे धागे बहुतेक लांबीच्या दिशेनं असतात, म्हणून वाकण्याचा ताण ती मजेत सोसते. बाजूनं बसलेला ठोका मात्र तिला सोसत नाही. घाटाच्या काळ्या दगडी पायरीला टेकवून ठेवलेली काठी घसरून पडली, तर वरून काही दिसत नाही. फार तर रंगावर केसाएवढी पांढरट रेघ उठते. पुढं कधीतरी पावशेराच्या चिलापीला ती तिथंच मोडते, आणि लोक कंपनीला शिव्या घालतात. कळक आधी करकरतो, सावध करतो. कार्बन काही सांगत नाही. म्हणून काठी टेकवायची नाही. जमिनीत दोन बेचकी रोव आणि त्यावर आडवी ठेव.

बाकीच्या मोडतात त्या बहुतेक मासा काठाशी आल्यावर. मासा पायाशी आला की नवखा माणूस काठी डोक्यामागं ओढतो. मग सगळा भार टोकाच्या वीतभर भागावर येतो, आणि तो भाग तर करंगळीहून कितीतरी बारीक. काठी आणि तंगूस यांच्यातला कोन काटकोनाच्या पुढं जाऊ द्यायचा नाही. हात मागं ने, पाऊल मागं घे, मासा थोडा लांबच राहू दे आणि दुसऱ्या हातानं जाळी त्याच्याखाली घाल. मासा काठीनं उचलून काठावर टाकायचा नाही, चिलापी असली तरी. रिळाचा ब्रेक थोडा ढिला ठेव. गळाजवळचा तंगूस मुख्य तंगुसापेक्षा बारीक बांध, म्हणजे तुटायचंच झालं तर आधी तो तुटेल.

गळ दगडात किंवा जलपर्णीत अडकला तर काठीनं हिसके देऊ नकोस. टोक अडकल्या जागेच्या रेषेत धर, हाताला फडकं गुंडाळ आणि तंगूसच ओढ.

ही काठी बुचाची आहे. हलकं बूच, दोन-चार बारीक शिसं, गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा, एवढंच तिचं काम. तुझा मित्र तिच्यावर मोठं शिसं लावून कटला धरू म्हणतोय, त्याला त्याची काठी आणायला सांग. बंधाऱ्याखालच्या धारेतही ही चालायची नाही. आपल्या भागातले बंधारे कोल्हापूर पद्धतीचे; पावसाळा सरला की बरगे घालतात आणि वरच्या अंगाला पाणी निवांत तुंबतं. राजाराम बंधाऱ्याच्या वर असं पाणी उभं राहिलं की बूच हललेलं लांबून दिसतं. ते दिवस तुझे. भर पावसात मात्र नदीकडं फिरकू नकोस. पुराचं आहेच, शिवाय रोहू-कटल्याची वीण तेव्हाच होते. धरणावर किंवा तलावावर जाणार असशील तर तिथं मासेमारीचा ठेका कुणाकडं आहे ते आधी विचार. बहुतेक पाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडं असतं आणि त्यांचं पोट त्यावर आहे.

काठी किती टनांच्या कार्बनची, म्हणजे किती ताठ, हे तू ताईला तीनदा सांगितलंस म्हणे. पण नुसत्या काठीनं मासा लागत नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं 'मानसोल्लास' लिहिला. आपल्याकडं तेव्हा शिलाहार होते, त्याच चालुक्यांचे मांडलिक. त्या ग्रंथात 'मत्स्यविनोद' म्हणून गळाच्या शिकारीवर वेगळं प्रकरण आहे, आणि कुठल्या माशाला काय चारायचं याचा त्यात विचार आहे. राजाला हवी तसली काठी मिळाली असती, तरी त्याचं लक्ष चाऱ्यावर! तूही तिकडं थोडं दे.

घरी आल्यावर काठी ओली पिशवीत कोंबू नकोस. पुसून, सावलीत वाळवून ठेव. सांध्यात वाळूचा कण राहिला तर तो नळी आतून खातो; सांधा फडक्यानं पूस, अधूनमधून मेणबत्तीचं मेण चोळ. सांधा अडकला तर पकड लावायची नाही, आणि कडी धरून पिळायचंही नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरव. कापूस जिथं धागा सोडेल तिथं कडीला चीर आहे, आणि ती चीर तंगूस कापते. ती कडी लगेच बदलून घे.

बिल जपून ठेव. टोकाचा तुकडा मोडला तर डिंक-सेलोटेपचे उद्योग करू नकोस. बिलावर मॉडेलचा नंबर असतो, तो दुकानदाराला दाखवून तेवढाच तुकडा मागवता येतो का ते बघ.

तुझा,
मामा

ता. क. : घरातला पातळ तंगूस आजीनं गजरे ओवायला घेतलाय. तुझा तू विकत आण.