छोटी कोंबडी : पाळावी कशी, पिल्ले काढावी कशी

बालमित्रांनो, आणि शाळा पाहायला आलेल्या पालकहो,

कोंबडी आपल्या ओळखीचीच आहे. पण कोंबड्यांत एक ठेंगणी जात असते, ती सगळ्यांनी पाहिलेली नसेल. तिला बँटम म्हणतात. जावा बेटावर बँतेन नावाचे बंदर आहे. तिथून युरोपातल्या खलाशांनी अशा लहान कोंबड्या नेल्या, म्हणून बंदराचेच नाव कोंबडीला पडले. ही कोंबडी साधारण अर्धा ते एक किलो भरते. तिचे अंडे ३० ते ४० ग्रॅमचे. मोठ्या कोंबडीचे ५५ ते ६० ग्रॅम असते.

मग एवढीशी कोंबडी पाळायची कशाला? तर जागा थोडी लागते, दाणा थोडा लागतो, आणि बहुतेक बँटम कोंबड्या खुडूक लवकर होतात व अंडी नेटाने उबवतात. आपल्या गावठी कोंबडीचा गुणही हाच. म्हणून पुढे लिहिलेले बहुतेक सगळे गावठी कोंबडीलाही लागू आहे.

१. सुरुवात : एक कोंबडा आणि तीन-चार तलंगा पुरेत. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. ती पाच-सहा महिन्यांची झाली की अंडी घालू लागते. विकत घेताना डोळे स्वच्छ, नाक कोरडे आणि पिसे चकचकीत आहेत ना, ते पाहावे. कोंबडा दुसऱ्या घरचा घ्यावा. बहीण-भावांची जोडी लावत गेले, तर पुढची पिल्ले अशक्त निघतात. नवीन पक्षी निदान पंधरा दिवस वेगळा डालग्याखाली ठेवावा. आजारी निघाला तर बाकीचे वाचतात.

२. खुराडे : एका छोट्या कोंबडीला दोन चौरस फूट जागा धरावी. खुराडे विटांवर उचलून ठेवावे, म्हणजे खाली ओल येत नाही. वारा खेळावा म्हणून जाळी लावावी, पण ती बारीक हवी. मुंगसाला जराशी फट पुरते. रात्री बसायला आडवी काठी द्यावी. कोपऱ्यात राख आणि कोरडी माती ठेवावी. कोंबड्या तिच्यात लोळतात आणि अंगावरच्या उवा-पिसवा कमी होतात.

३. दाणापाणी : ज्वारी-बाजरीची कणी, तांदळाचा कोंडा, पालेभाजीचे देठ आणि परसातले किडे हे त्यांचे जेवण. अंड्यावरच्या कोंबडीला शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीचे बारीक खडे द्यावेत. कवच त्यानेच बनते. पाणी रोज बदलावे.

४. अंडी बसवणे : कोंबडी खुराड्यातून उठेना, पिसे फुगवून गुरगुरू लागली की ती खुडूक झाली. आजी म्हणते, “तिला उगी हात लावू नका, चोच मारंल.” छोट्या कोंबडीखाली तिचीच आठ-नऊ अंडी मावतात. मोठ्या कोंबडीची असतील तर पाच-सहाच ठेवावीत. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात.

इथे आमची झालेली चूक सांगतो. मागच्या उन्हाळ्यात आम्ही दहा अंडी बसवली आणि तीनच पिल्ले निघाली. कारण ती अंडी पंधरा दिवस साठवलेली होती, तीही चुलीजवळच्या फळीवर. अंडे सात दिवसांपेक्षा जुने नको. ते गार जागी, टोक खाली करून ठेवावे. ते धुऊ नये. कवचावर एक पातळ थर असतो, तो धुतल्याने जातो आणि घाण आत शिरते. हिवाळ्यात आम्ही हे सगळे पाळले. नऊ अंड्यांतून आठ पिल्ले निघाली!

सातव्या दिवशी रात्री अंडे बॅटरीच्या उजेडावर धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसल्या तर जीव धरला. नुसते स्वच्छ दिसले तर ते फोल, काढून टाकावे. कोंबडी अंडी दिवसातून अनेकदा उलटते. खायला ती थोडाच वेळ उठते, म्हणून दाणापाणी जवळच ठेवावे. २१ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. लहान जातीत एखादा दिवस आधीही येतात.

५. पिल्ले : पहिल्या दिवशी पिल्लाने खाल्ले नाही तरी घाबरू नये. अंड्यातला पिवळा बलक त्याच्या पोटात गेलेला असतो, तीच त्याची शिदोरी. नंतर बारीक भरडा द्यावा. पाणी उथळ ताटलीत द्यावे आणि तिच्यात खडे टाकावेत, नाहीतर पिल्लू बुडून मरते. घार आणि बोका यांच्यापासून जपायला पहिले काही आठवडे डालगे हवेच.

६. आखूड पायांचे कोडे : जपानी बँटमचे पाय फार आखूड असतात. दोघेही आखूड पायांचे असले, तर सरासरीने चार अंड्यांतले एक पिल्लू अंड्यातच मरते. आईकडून आणि बापाकडून, दोन्हींकडून तोच गुण आला की पिल्लू जगत नाही. म्हणून एक आखूड पायाचा आणि एक लांब पायाचा अशी जोडी लावावी. मग निम्मी पिल्ले आखूड पायांची, निम्मी लांब पायांची येतात, आणि या कारणाने एकही मरत नाही.

७. मानमोडी : आता सर्वांत महत्त्वाचे. आमच्या त्या आठ पिल्लांतली तीनच उरली. आळीत मानमोडी आली होती. पिल्लू हिरवट हगते, मान वाकडी करते आणि मरते. उत्तराखंडातील राणीखेत येथे हा रोग आढळला, म्हणून त्याला राणीखेतही म्हणतात. रोग झाल्यावर त्याला औषध नाही, आधी लस हाच उपाय. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लसीचा थेंब टाकतात. सहा ते आठ आठवड्यांनी टोचून दुसरी लस देतात.

पालकहो, लसीची बाटली बहुधा शंभर किंवा जास्त पक्ष्यांची असते. फोडल्यावर ती थोड्या तासांत संपवावी लागते. एका घरच्या आठ पिल्लांसाठी कोण फोडणार? पण सगळ्या आळीने एकच दिवस ठरवला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगितले, तर सगळ्यांचे पक्षी वाचतील. अंड्यांचे पैसे आयांच्या हातात येतात आणि त्यातूनच आमच्या वह्या येतात. मेलेला पक्षी ओढ्यात टाकू नका, चुना घालून खोल पुरा आणि हात साबणाने धुवा. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. खूप पक्षी एकदम मेले तर लगेच दवाखान्यात कळवा.

सांगा पाहू :
(१) १ तारखेला बसवलेली अंडी साधारण कोणत्या तारखेला फुटतील?
(२) दोघेही आखूड पायांचे असतील, तर १२ अंड्यांतली किती पिल्ले अंड्यातच मरण्याचा संभव आहे?
(३) तुमच्या आळीत सगळ्या घरच्या मिळून कोंबड्या किती? मोजून या. एका बाटलीला पुरतील का, ते आपण फळ्यावर मांडू.

— इयत्ता सातवी, विज्ञान गट