विज्ञानकथेचा शेवट आणि विद्यार्थ्यांची विवेकबुद्धी

“गोष्ट संपली, पण खरे काय झाले?” विज्ञानकथा वाचून झाल्यावर वर्गातून हा प्रश्न हमखास येतो. पनवेल परिसरातील शिक्षकांशी बोलताना या प्रश्नाची दुसरी बाजूही कळते. एका प्रश्नाला एकच उत्तर लिहिण्याची सवय लागलेल्या मुलांना मोकळ्या शेवटाची कथा अपुरी वाटते आणि शिक्षकही पुष्कळदा घाईने तात्पर्य सांगून पाठ संपवितात. वस्तुतः अशा कथेचे अध्यापन तिच्या शेवटच्या ओळीनंतरच सुरू व्हावयास हवे.

मराठीतील समृद्ध साधन

यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा भरविल्या. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे टोपणनाव घेणारे लेखक म्हणजे ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर. स्वतःच्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी केली होती. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. परंतु त्यांच्या कथा वर्गात आजही तितक्याच उपयुक्त आहेत. त्यांपैकी दोन कथांचा येथे विचार करू.

पहिली कथा : काय घडले?

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक एका अपघातानंतर निराळ्याच मुंबईत पोहोचतात. तेथे पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते. आपल्या इतिहासात १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव गोळी लागून पडले. त्या जगात ती गोळी त्यांना चाटून गेली. पंत परत येतात तेव्हा त्यांच्या खिशात तेथील बखरीचे एक फाटके पान असते. त्यांचा मित्र राजेंद्र पुंजयांत्रिकीच्या आधारे या घटनेचा अर्थ लावतो. या कथेचा इंग्रजी अवतार राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही समाविष्ट झाला.

मग पंत खरोखर दुसऱ्या जगात गेले होते काय? येथे शिक्षकांनी फळ्यावर तीन रकाने आखावेत : ‘सिद्ध’, ‘तर्क’ आणि ‘कल्पना’. सूक्ष्म कणांचे वर्तन निश्चितपणे वर्तविता येत नाही, हे सिद्ध विज्ञान पहिल्या रकान्यात जाईल. अनेक विश्वे असू शकतील, हा १९५७ साली ह्यू एव्हरेट यांनी मांडलेला अन्वयार्थ दुसऱ्या रकान्यात येईल. तो सर्वमान्य झालेला नाही. माणूस एका विश्वातून दुसऱ्या विश्वात जाऊन येतो, ही तिसऱ्या रकान्यातील गोष्ट. राजेंद्रचे स्पष्टीकरण हे कथेतील एका पात्राचे मत आहे, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे. फाटके पान कथेच्या जगात पुरावा ठरते. प्रयोगशाळेत ठरत नाही. एवढा भेद ज्या मुलाला करता आला, त्याला वर्तमानपत्रातील चमत्काराची बातमीही पारखता येईल.

दुसरी कथा : त्याचा अर्थ काय?

‘धूमकेतू’ या कथेत घडले काय, हे वाचकाला ठाऊक असते. एका हौशी खगोल निरीक्षकाने शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळण्याची भीती निर्माण होते. शास्त्रज्ञ गुप्तपणे त्याला मार्गावरून ढळविण्याची योजना आखतात. इकडे त्या निरीक्षकाच्या घरी अरिष्टशांतीसाठी यज्ञ होतो. संकट टळते आणि घरातली मंडळी त्याचे श्रेय यज्ञाला देतात.

येथे प्रश्न घटनेचा नाही, मूल्यांचा आहे. यज्ञ करणाऱ्यांना हसून पाठ संपविणे सोपे. परंतु त्यांना त्या गुप्त योजनेची माहितीच नव्हती, ही गोष्ट विसरता कामा नये. एकामागून एक दोन घटना घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण ठरते काय? ज्ञान मोजक्या लोकांच्या हाती राहिले, तर उरलेल्यांनी कशावर विश्वास ठेवावा? घाबरलेल्या घराची समजूत शास्त्रज्ञाने कशी घालावी? ग्रामपंचायतीत साथीच्या वा लसीकरणाच्या वेळी सदस्यांपुढे हेच प्रश्न उभे राहतात.

पनवेलचा प्रश्न

पानिपतची कथा शिकविल्यावर पनवेलच्या मुलांना त्यांच्या भूमीचाच एक प्रश्न देता येईल : ‘१९७० साली सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबई वसविली गेली नसती, तर?’ या शहरासाठी पनवेल व उरण तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. पुढे विमानतळासाठी उलवे येथील टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळविला गेला, दहा गावांचे स्थलांतर झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. जमीन गेलेल्या घरातील मुलगा आणि नोकरीसाठी येथे आलेल्या कुटुंबातील मुलगी या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी लिहितील. दोघांच्या वह्या शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे, इतिहासाच्या एका वळणावर कोणाचे काय गेले आणि कोणाला काय मिळाले, हे वर्गाला उमगेल.

मूल्यमापन

शेवट मोकळा आहे याचा अर्थ कोणतेही उत्तर चालेल, असा मात्र नव्हे. गुण देताना तीन गोष्टी पाहाव्यात : उत्तराला कथेतील आधार आहे काय, आधारापासून निष्कर्षापर्यंतची पायरी सुटली नाही ना, आणि विरुद्ध मताची प्रामाणिक दखल घेतली आहे काय. शिक्षकाच्या मताशी जुळते की नाही, ही कसोटी नसावी.

वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधकबुद्धी यांचा विकास करणे हे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. ते वाक्य पाठ करून घेणे सोपे आहे. त्याचा सराव मात्र “खरे काय झाले?” या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी शिक्षक जो क्षणभर थांबतो, त्या क्षणी होत असतो.